दोन ओळींची अट

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. मला कागद नाही, पुठ्ठा नाही. मी संगणकात राहते. राहते म्हणजे, आता नुसती पडून असते.

ज्यांना नीट दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. तो एका भावाने लिहिला आणि तो कसा वापरायचा हे सांगण्यासाठी त्याच्या ताईने मला लिहिले. त्यांच्या वडिलांची दृष्टी गेली होती, त्यांच्यासाठीच हा सारा खटाटोप. माझे एक तरी वाक्य वडिलांना ऐकवून पक्के केल्याशिवाय ताई सकाळचा चहा घेत नसे. तिचा तो नेमच होता. एकदा प्रोग्राम एकदम मोठ्याने बोलू लागला आणि वडील दचकून उठून बसले. त्या दिवशीचे वाक्य असे झाले : 'सुरुवातीला आवाज अगदी हळू ठेवा, ज्याला दिसत नाही त्याच्या तो अंगावर येतो.'

मी पुरी होता होता वडील गेले. ताईने माझ्या शेवटी दोन ओळी लिहिल्या : 'बाबांसाठी. त्यांनी ही पुस्तिका कानांनी वाचली.'

भावाने प्रोग्राम सगळ्यांना देऊन टाकला. सोबतच्या वापर-परवान्यात लिहिले, घ्या, वाटा, हवा तसा बदला. ताईनेही मला तसेच वाटायला दिले. पण माझ्या परवान्यात एक अट घातली. शेवटच्या दोन ओळी कोणी कधीही बदलू नयेत.

प्रोग्राम आणि मी जोडीने घरोघरी गेलो. 'पुस्तिका लिहिणारीच्या तोंडात साखर पडो,' असे लोक कळवत. मग अनेक प्रोग्राम एकत्र बांधून फुकट वाटणाऱ्या एका मंडळाने आम्हाला आपल्या गाठोड्यात घ्यायचे ठरवले. त्यांचा नियम मात्र कडक. गाठोड्यातला शब्द न् शब्द बदलायची मुभा हवी. माझ्या दोन ओळी नियमात बसेनात. भाऊ ताईकडे आला.

"ताई, तेवढी अट काढ ना."

"म्हणजे लोक बाबांच्या ओळी बदलणार?"

"कोणी नाही गं बदलणार. फक्त बदलायची मोकळीक हवी."

"बदलणारच नाहीत, तर मोकळीक कशाला?"

भाऊ डोके खाजवू लागला. "तू ना, वकीलच व्हायला हवी होतीस."

ताई हसली, पण अट काढली नाही.

प्रोग्राम गाठोड्यातून गेला. मी मागे राहिले. कुणा परक्या माणसाने नवी पुस्तिका लिहायला घेतली. त्याने मला उघडलेसुद्धा नाही. म्हणाला, "तिच्यातली एक ओळ जरी माझ्या हातून उतरली, तरी मागोमाग अटही येईल." माणूस सचोटीचा होता, त्याला बोल कसा लावू? पण आपल्या जागी येणाऱ्याने आपले तोंडही पाहू नये, हे फार लागते हो.

वर्षे गेली. ताईचीही नजर गेली. भावाने तिच्या नव्या संगणकावर तोच प्रोग्राम घातला. तो असा काही ओरडला की ताईच्या हातातली कपबशी खाली पडली.

"अरे, आवाज आधी हळू ठेवायचा! लिहिलंय ना मी!"

"तुझी पुस्तिका यात नाही, ताई. नवीत ते वाक्यच नाही."

ताईने विचारले, "म्हणजे घरोघरी माणसं अशीच दचकत असतील?"

भावाने आधी आवाज हळू केला.

"काढ ती अट," ताई म्हणाली.

मला वाटले, आता मी पुन्हा घरोघरी जाणार. पण नव्या पुस्तिकेने बस्तान बसवले होते. त्या परक्या माणसाने माझे ते एक वाक्य तेवढे उचलून तिच्या पहिल्या ओळीत घातले. बाबांच्या ओळी माझ्यापाशीच राहिल्या. भावाने भीत भीत ताईला सांगितले.

"राहू दे," ती म्हणाली. "आता कोणी दचकत नाही ना? मग पोचलं बाबांना."

मित्रांनो, माझ्या या कप्प्यात कोणी फिरकत नाही. त्या दोन ओळी उराशी धरून मी बसले आहे. त्या कोणी बदलल्या नाहीत, आणि कोणी वाचतही नाही. जिवाभावाची वस्तू जगाला द्याल, तेव्हा मूठ अर्धी मिटून देऊ नका. आणि सवड झालीच, तर एखादी जुनी पुस्तिका उघडा, अगदी तळापर्यंत वाचा. तिथे कुणाचे तरी बाबा असतात.