नाकाचा क्लास

दादाने ग्लास दांडीला धरून गरागरा फिरवला, नाक पार आत घातलं, डोळे मिटले आणि सगळ्यांच्या आधी बोलून टाकलं, "लिंबाची साल. हिरवं सफरचंद. आणि मागून थोडंसं लोणी."

आधी कोणालाच काही कळेना, आणि मग अख्खं टेबल जे हसलं! कारण वाइन चाखायच्या क्लासच्या बाईंनी त्या दिवशी मुद्दाम खराब झालेली बाटली उघडली होती. बूच बिघडलं की वाइनला कसला वास मारतो, ते सगळ्यांना एकदा कळावं म्हणून. आणि मारत कसला होता! ओल्या पुठ्ठ्याचा, वर्षभर बंद असलेल्या तळघराचा. शेजारच्या मिशीवाल्या काकांनी तर ग्लास हातभर लांब धरला होता.

"कुठून आणता हो हे लोणी?" काका म्हणाले. "दुकान सांगा, म्हणजे तिकडे फिरकायला नको."

सगळ्यात मोठ्याने हसला तो धाकटा भाऊ. त्याला वाटलं, चला, कितीतरी महिन्यांनी दादाने जोक मारला. त्याने दादाच्या पाठीत थापही मारली.

दादाने ग्लास खाली ठेवला, एकेकाचं तोंड बघितलं आणि मग हसला. उशिरा. हसता हसताच ग्लास परत नाकाशी नेला, या वेळी हळूच, कोणी बघत नाहीये असं समजून.

लिंबाची साल, हिरवं सफरचंद, लोणी. अरे, हे तर गेल्या वेळचं! पांढऱ्या वाइनसाठी बाईंनी फळ्यावर लिहिलेलं, अगदी त्याच क्रमाने. धाकट्याचं हसू तिथेच अडकलं.

दोघा भावांची बेकरी होती. भट्टी दादाची; गल्ला आणि बडबड धाकट्याची. संध्याकाळी दुकानात पाव, चीज आणि वाइनची टेबलं मांडायची आयडियाही त्याचीच, म्हणून तर हा क्लास. दादा एरवी असल्या गोष्टींना 'तूच जा बाबा' म्हणणारा. पण या वेळी लगेच तयार झाला होता.

आणि आठवली ती दुपार! दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, करपल्याचा वास पार रस्त्यापर्यंत गेलेला. धाकटा धावत आत गेला, तर दादा भट्टीकडे पाठ करून निवांत कणीक मळत होता आणि मागे पावांचा कोळसा होत होता.

"झोपलायस का? जमत नसेल तर घरी बस!" तो ओरडला होता, सगळ्यांसमोर.

तसं अजून दोन-तीनदा झालं. मग त्याने नवा भट्टीवाला ठरवला. आज सकाळी तो आला, तेव्हा दादाने आपला ॲप्रन धुऊन, घडी घालून त्याच्या हातात दिला.

मधल्या सुट्टीत धाकट्याने त्याला बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दादा."

दादाने बुटाची नाडी सोडली, परत बांधली. "तो ताप आला होता ना मला, तेव्हापासून."

"अरे, मग बोलायचं ना!"

"बोलणारच होतो. वाटलं, येईल चार दिवसांत. मग तू ओरडलास. म्हटलं, आता काय सांगायचं, बहाणा वाटेल."

धाकटा कठड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिला. "आणि इथे यायला कसा काय हो म्हणालास?"

"म्हटलं, नाकाचाच क्लास आहे," दादा म्हणाला आणि आता मात्र खरंच हसला. "लागली शिकवणी, तर सुधारेल बिचारं."

"मी त्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो."

"वेडा आहेस का? तुझ्या शब्दावर हातातलं काम सोडून आलाय तो. आणि पाव जळले ते खरंच जळले ना?"

क्लास सुटल्यावर दोघं बेकरीत डोकावले. नवा माणूस भट्टीतून शेवटचा ट्रे काढत होता. दादा सवयीने आत निघाला, त्या माणसाच्या अंगावरचा आपला ॲप्रन बघितला आणि गल्ल्यापाशीच थांबला. धाकट्याने एक पाव उचलला, चटके बसत होते तरी तसाच मोडला. भसकन वाफ निघाली.

"कसा येतोय?" दादाने विचारलं.

"काय?"

"वास रे. सांग ना, बाईंनी शिकवलंय तसं."

धाकट्याने पावात नाक खुपसलं. एवढे शब्द शिकला होता तो! मध, बदाम, ओलं लाकूड, पावसात भिजलेला दगडसुद्धा. दादा मान थोडी पुढे करून वाट बघत होता.

"पावाचा," तो शेवटी म्हणाला. "आपल्या पावाचा येतोय, दादा."

"मग ठीक आहे."

दादाने त्याच्या हातातला अर्धा पाव घेतला. खाल्ला नाही. गरम होता तोवर नुसता धरून उभा राहिला.