थोट्या सरदाराचा डावा हात

मालिका लागली की शहरातल्या गल्ल्या अशा ओस पडायच्या की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची. भुंकायला समोर कुणी लागतं ना! जुन्या दंतकथेतल्या थोट्या सरदाराची ती कार्टून मालिका. चौथ्या भागात ड्रॅगननं त्याचा डावा हात गिळला, आणि उरलेल्या उजव्यानं तो अशी तलवार चालवायचा की दोन हातवाल्यांनी लाजून हात खिशात घालावेत.

हा सरदार पडद्यावर यायच्या आधी एका बाईच्या बोटांखालून जायचा. स्टुडिओत तिला सगळे गिरवणीताई म्हणत. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर चित्रकाराचा पातळ कागद ठेवायचा, त्यावर पारदर्शक शीट, आणि रेघ न् रेघ शाईनं गिरवायची. पुढे रंग भरणारे वेगळे, मागे देखावा लावून फोटो काढणारे वेगळे. आठ महिने ती हंगामी होती. शेवटचा भाग सुखरूप पार पडला की कायम करतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं.

त्या भागाची फिल्म सकाळी धुऊन आली. संध्याकाळी पाचला भाग टीव्हीवर दाखवायचा होता. सगळे बघायला बसले. सरदारानं तलवार उपसली आणि गिरवणीताई ताडकन उठली.

तलवार डाव्या हातात! ड्रॅगननं गिळलेला हात परत उगवला होता, आणि धडधाकट उजव्याच्या जागी थोटूक.

तिला लगेच उमगलं. कागदांचा गठ्ठा तिनं पालथा ठेवला होता. कागद पातळ, दिवा झगझगीत, रेघा पाठीमागूनही तितक्याच ठसठशीत. अख्खं द्वंद्वयुद्ध, दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रं, तिनं आरशातल्यासारखं गिरवलं होतं.

"माझ्याच हातून झालं, साहेब."

"कुठल्या हातून?" साहेब कडाडले. "पोरं मला फाडून खातील! आता पुन्हा काढायला वेळ आहे का?"

देखावे रंगवणारे ढगकाका कोपऱ्यात चहा फुंकत होते. "ओरडता कशाला? तेवढा तुकडा कापा, उलटा करून जोडा. डावं ते उजवं होईल. आवाज तर वेगळ्या टेपवर आहे."

"आणि मागचा किल्ला? नदीच्या दुसऱ्या काठाला जाईल की!"

"मी रंगवलेला किल्ला आहे. मी सांगेन तिकडे जाईल."

"दरवाजावरचा लेख उलटा दिसेल."

"तो सुलटासुद्धा कुणाला वाचता येत नाही, साहेब. मी मनानंच खरडलाय."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "करा. पण ताई, लोकांच्या लक्षात आलं, तर उद्या येऊ नका."

तुकडा कापला, उलटला, चिकटवला. साडेचारला फिल्मचा डबा टीव्ही केंद्राकडे गेला आणि गिरवणीताई बहिणीच्या घरी. तिथे भाचा-भाची टीव्हीला नाक लावून बसले होते. या दोघांच्या नजरेतून सरदाराच्या घोड्याच्या नालेचा खिळासुद्धा सुटायचा नाही.

द्वंद्व सुरू झालं. तलवार उजव्या हातात. गिरवणीताईनं अर्धा श्वास सोडला.

"मावशी," भाची म्हणाली, "किल्ला तर त्या बाजूला होता ना गं?"

उरलेला अर्धा श्वास तिनं तसाच धरून ठेवला.

"ए येडे," भाचा खेकसला, "लढत लढत मागच्या बाजूला गेले ते! एका जागी उभं राहून कुणी लढतं का?"

"हां, बरोबर," भाची म्हणाली.

कपटी राजा नदीत कोसळला. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. गिरवणीताई पदरानं डोळे पुसत होती.

"तू कशाला रडतेस? जिंकला की आपला!"

"हो रे बाबा," ती म्हणाली, "जिंकला एकदाचा!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. "एकच फोन आला. मालिका संपवलीत का म्हणून एक आजोबा रडत होते."

तिनं कागदावरचा 'कायम' हा शब्द दोनदा वाचला. मग आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती आपल्या खुर्चीत पाठ टेकून बसली.