फौजीसाठी राखून ठेवलेली कामं

मी हार्डवेअरचं दुकान चालवते आणि माझा स्वभाव तापट आहे. सेवा क्लबात मला घेतलं ते दुकानासाठी. स्वभाव ते आपले चालवून घेतात.

आमचा क्लब सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि निवृत्त फौजींसाठी काम करतो. वर्षातून एकदा जुन्या वस्तूंची विक्री भरवायची आणि जे जमेल ते जखमी जवानांच्या संस्थेला पाठवायचं, हे तर आहेच. पण आमचा खरा जीव रविवारच्या फेरीत. ज्या घरचा माणूस फौजेत, त्या घरी जायचं आणि मोडलेलं, गळणारं, कुरकुरणारं जे दिसेल ते दुरुस्त करायचं. दारं-खिडक्या सुतारमामांकडे. विजेचं काम ‘करंट’कडे, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. नळ माझ्याकडे. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते सामानाची पिशवी धरतात आणि प्रत्येकाला शाबासकी देतात. हातोडी त्यांच्या हाती द्यायची नाही, हे आमचं न बोलता ठरलेलं आहे.

बोलून ठरलेला नियम एकच: घरच्यांना काय हवं ते विचारायचं नाही. विचारलं की सैनिकाची बायको हमखास म्हणते, “काही नको हो, सगळं छान आहे,” आणि तिच्या मागे छतातून पाणी टपकत असतं. म्हणून आम्ही विचारत नाही. बघतो आणि कामाला लागतो. या नियमाचा मला फार अभिमान होता, कारण तो मीच काढला होता.

त्या रविवारी आमचा मोर्चा गावातल्या एका नर्सच्या घराकडे वळला. तिचा नवरा फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत मेकॅनिक. नोकरी संपवून तो त्याच आठवड्यात कायमचा घरी येणार होता. ती दवाखान्यात ड्यूटीवर होती. शेजारणीकडे किल्ली होती आणि शेजारीण डॉक्टरांची पेशंट, त्यामुळे कुलूप लगेच उघडलं.

“फौजीला घर कसं ठणठणीत मिळालं पाहिजे!” डॉक्टर उंबऱ्यातच म्हणाले.

आत गेलो आणि मी कपाळाला हात लावला. घर स्वच्छ, भांडी लख्ख, पण धड चालणारी वस्तू एक नाही! स्वयंपाकघरातला नळ खालच्या पातेल्यात टिपटिपत होता. मागचं दार फरशीला घासत होतं. खिडकी दोरीनं बांधून बंद केलेली. दिव्याचं बटण चापट मारल्याशिवाय ऐकत नव्हतं, आणि टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मला आमचाच राग आला. ही बाई एकटीनं नोकरी करते, मुलगी वाढवते, आणि आम्ही इतकी वर्षं झोपलो होतो की काय?

मग आम्ही कंबर कसली. सुतारमामांनी दार उतरवून त्याला रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल दिलं, टेबलाचा पाय घट्ट बसवला. करंटनं बटणं बदलली. मी नळाचा वायसर नवा घातला, खिडकीला कडी बसवली. दुपार कलायच्या आत घर सुतासारखं सरळ झालं.

नर्स मुलीला घेऊन आली तेव्हा आम्ही रांगेत उभे होतो. कौतुक करून घ्यायला आम्हाला आवडतं, खोटं कशाला बोलू? तिनं नळ उघडून बंद केला. एक थेंब पडला नाही. मागचं दार लोटलं. आवाज आला नाही. टेबल हलवून पाहिलं. मग खुर्चीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

“आनंदाश्रू!” डॉक्टर माझ्या कानात पुटपुटले.

“काकू,” ती म्हणाली, “हे काय करून ठेवलंत हो तुम्ही!”

आनंदाश्रू नव्हते.

“ही सगळी कामं मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती,” ती डोळे पुसत म्हणाली. “मागच्या दोन सुट्ट्यांत घरात काहीच बिघडलेलं नव्हतं. सगळं मीच वेळच्या वेळी करायची. आणि हे आपले पाहुण्यासारखे बसून राहायचे. पाणी प्यायचं तर विचारायचे, पेला कुठला घेऊ? शेवटी म्हणाले, तुमचं माझ्यावाचून छान चाललंय, माझं इथे काय काम? आणि सुट्टी अर्धी टाकून परत गेले.”

आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागलो.

“आता कायमचे येतायत, तर लांबच्या एका कारखान्यानं पहाऱ्याच्या नोकरीला बोलावलंय. मला म्हणाले, घरी येऊन बघतो आणि मग ठरवतो. म्हणून मी काही म्हणता काही दुरुस्त केलं नाही. बटणाला चापट्या मारून हाताची आग व्हायची, पण म्हटलं, असू दे. आता ते काय बघणार? ठणठणीत घर! आणि पुन्हा निघून जाणार.”

मुलगी आईला बिलगून आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्ही चोरी करताना सापडलोय. एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं? पण नियम माझाच.

“रडू नको,” मी म्हटलं. “आम्ही केलंय, आम्हीच निस्तरतो. चला रे, सगळं पुन्हा बिघडवा!”

सुतारमामांचा चेहरा उतरला. “या हातांनी मी चांगलं दार बिघडवू? उभ्या आयुष्यात केलं नाही मी असलं काम.”

“मग आज करा.”

मी कचऱ्याच्या डब्यातून फाटका वायसर हुडकून काढला आणि नळात पुन्हा घातला, खिडकीची कडी काढून दोरी बांधली. करंटनं जुनी बटणं जागेवर आणली. सुतारमामांनी तोंड फिरवून दाराच्या खालच्या कडेला पट्टी ठोकली. टेबलाचा पाय मात्र इतका घट्ट बसला होता की हलेना. तेव्हा मी मन मोठं करून डॉक्टरांच्या हातात हातोडी दिली. त्यांनी पहिल्याच घावात पाय ढिला केला. शाबासकी द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःलाच दिली. नर्स रडता रडता हसायला लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

फौजी आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतेय तोच तो दुकानासमोर हजर. उंच, दणकट, दाढी गुळगुळीत केलेली.

“काकू, नळाचा वायसर हवाय.”

“देते की. काय, घरी फार पडझड झालीय का?” मी अगदी साळसूदपणे विचारलं.

त्यानं काउंटरवर हात टेकवले.

“नळाच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत,” तो म्हणाला. “मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना नवं तेल आहे आणि दार मात्र घासतंय. टेबलाच्या पायावर कुणीतरी हातोडी अशी मारलीय की मारणाऱ्याच्या हाती ती पुन्हा देऊ नये. काकू, माझं उभं आयुष्य गाड्यांखाली गेलं. बिघडलेलं काय आणि बिघडवलेलं काय, एवढं मला कळतं.”

मी काउंटरवर सांडलेले खिळे गोळा करायला लागले.

“तिला विचारलंत?” मी म्हटलं.

“छे! ती काल दिवसभर माझ्यामागे फिरत होती. हे बघा ना, ते बघा ना, तुमच्यावाचून कसं सगळं अडून बसलंय बघा.” त्यानं मान खाली घातली आणि काउंटरवरचा एक खिळा उगाचच फिरवत राहिला. “मला वाटत होतं, त्यांना माझी सवय राहिली नाही. आणि इथे मला थांबवायला ती घर मोडून बसलीय. कारखान्याला कळवून टाकलं सकाळीच. येत नाही म्हणून. घरी कामं पडलीयत.”

माझे डोळे भरले. मी रागानं ड्रॉवर उघडून वायसर शोधायला लागले, ते त्याला दिसू नयेत म्हणून.

“तिला सांगू नका हं, मला कळलंय म्हणून,” तो म्हणाला. “आणि एक विनंती आहे. मला ही कामं एवढ्यात संपवायची नाहीत.”

मी चांगल्या वायसरांचा वरचा डबा बंद केला. खालच्या कप्प्यात हात घालून दुकानातला सगळ्यात हलका वायसर काढला, महिनाभरात नळ पुन्हा गळायला लागेल असा, आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो चिमटीत दाबून पाहिला, हसला आणि खिशात टाकून घरी गेला.