मढ्याचा श्वास

नोरीननं पहिल्या रांगेच्या मधोमध आपली खुर्ची ठेवली, तिच्यावर पिशवी टाकली, आणि मगच बाकीच्या खुर्च्या उलगडायला घेतल्या. शिडीवर चढून लायल खाटीक गावच्या हॉलच्या खिडक्यांवर लोकरीची रिकामी पोती ठोकत होता. बाहेर रविवार दुपारचं लख्ख ऊन होतं आणि सिनेमाला अंधार हवा होता.

बेरिल सँडविचच्या थाळ्या मांडता मांडता तिच्याकडे बघत होती. बेरिल हॉल कमिटीची अध्यक्ष. गावात कुणी किती दुःख करायचं हेही कमिटीच ठरवते, असा तिचा समज.

"नोरीन, अगं मागं बस की, दाराजवळ. क्लॅरी पडद्यावर आला की सरळ किचनमध्ये निघून ये. चहा टाकू आपण."

"माझा नवरा दीड तास मेलेला असणार आहे बेरिल. एवढा चहा कोण पिणार?"

लायलला शिडीवरच फिस्सकन हसू आलं. बेरिलनं डोळे वटारले तसा तो पुन्हा खिळे ठोकायला लागला.

मेलबर्नच्या फेलिक्स नावाच्या दिग्दर्शकानं गेल्या हिवाळ्यात आमच्या यरंबीत या सिनेमाचं शूटिंग केलं होतं. गोष्ट अशी, की कृषी प्रदर्शनात फ्रूटकेकचा एक खडूस परीक्षक असतो. चार बायका, एकमेकींना पत्ता न लागू देता, आपापल्या केकमध्ये विष घालतात. तो चारही केक खातो; सिनेमा सुरू होतो तेव्हा तो मेलेलाच असतो. पण प्रदर्शन रद्द होता कामा नये, म्हणून अख्खा गाव मिळून त्याचं मढं तीन दिवस लपवतो. शहरातून आलेला पोलीस दारोदार विचारत फिरतो आणि जो तो शांतपणे सांगतो, "आम्हाला काही दिसलं नाही बुवा." हे एक वाक्य फेलिक्सनं गावाकडून चाळीस वेळा घोकून घेतलं होतं. हसायचं नाही, खाली बघायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. सगळ्यांना जमलं. जमलं नाही ते फक्त सार्जंट डेसला. खऱ्या आयुष्यातला हा पोलीस; स्वतःच्या बायकोच्या गाडीलाही दंड ठोकणारा. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लालभडक व्हायचे. फेलिक्सनं त्याला पहिल्याच दिवशी काढलं आणि रस्ता अडवायला उभं केलं.

मढ्याचं काम नोरीनच्या क्लॅरीनं केलं. मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म गेलेला हा माणूस कॅमेरा दिसला की गायब व्हायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याचा निम्मा खांदा आहे. पण या कामाला तो लगेच तयार झाला. मेलेल्या माणसाला कॅमेऱ्याकडे बघावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

लायलच्या कोल्ड रूममध्ये, टांगलेल्या मेंढ्यांच्या शेजारी त्याला निजवलं, तेव्हा त्यानं श्वास घेतला. थंडीत नाकातून वाफ निघाली. घरी येऊन तो नोरीनला म्हणाला, "मेलो, पण नीट मेलो नाही. अन् एकाच्याही ध्यानात आलं नाही बघ." पुढं सहा महिने त्यानं हीच फुशारकी पबमध्ये मारली. फेब्रुवारीत एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता तो गेला. नोरीनकडे त्याचे फोटो होते सतरा. चालणारा, बोलणारा, श्वास घेणारा क्लॅरी मात्र कुठंच नव्हता. निदान श्वास घेणारा असला तर या सिनेमात, आणि तोही त्यांनी ठेवला असला तरच.

सिनेमा सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला हॉल हशानं गडगडायला लागला. लोकांनी स्वतःला ओळखलं, शेजाऱ्याला ओळखलं, बेरिलच्या खिडकीचा पडदा ओळखला. मढ्याला फुलाफुलांची टोपी घालून पुष्पप्रदर्शनात पहिल्या रांगेत बसवलं तेव्हा हसून हसून लायलच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपलं गाव इतकं हलकट असू शकतं हे पडद्यावर बघून सगळ्यांची छाती फुगली होती. नोरीनही हसली, तोंडावर हात धरून नाही, चांगली मोठ्यानं. क्लॅरी मेलेला फार छान दिसत होता.

मग कोल्ड रूम आली. आत रांगेनं टांगलेली मेंढरं, मध्ये फळीवर क्लॅरी. नोरीननं पिशवी मांडीवर घेतली. पडद्यावर त्याच्या नाकातून वाफेची एक बारीक रेघ निघाली आणि विरली. मग आणखी एक. कोट थोडा वर आला, खाली गेला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. नोरीनचा हात पिशवीचा बंद घट्ट धरून होता.

दिवे लागले. टाळ्या थांबेचनात. फेलिक्स खूश होऊन पुढं आला. त्याच्या हातात वही होती.

"एक चूक राहिलीय," तो म्हणाला. "कोल्ड रूममध्ये क्लॅरी श्वास घेतो. आम्हाला फार उशिरा कळलं. उद्या मेलबर्नमध्ये कॉम्प्युटरवर ती वाफ पुसून टाकता येईल. खर्च आहे, वेळही जाईल. म्हणून तुम्हाला विचारतोय. मनापासून सांगा हं, दिसलं ना ते?"

नोरीन उठायला निघाली होती. तिच्या आधी मागून बेरिलचा आवाज आला.

"श्वास? आम्हाला काही दिसलं नाही बुवा."

फेलिक्स हसला. "बेरिल, वाफ होती. चांगली दोनदा."

"कोल्ड रूम माझी आहे," लायल म्हणाला. "तिथं वाफ येतेच. मेंढ्यांनाही येते."

"मेलेल्या मेंढ्यांना?"

"त्यांनाच जास्त."

फेलिक्सनं रांगेरांगेनं विचारलं. पोस्टातली बाई म्हणाली, काही दिसलं नाही. शाळेचे मास्तर म्हणाले, काही दिसलं नाही. कुणी हसलं नाही, कुणी खाली बघितलं नाही. सगळ्यांनी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. शेवटी तो दाराशी उभ्या सार्जंट डेसकडे वळला. चेहऱ्यावर आता जिंकल्याचा भाव होता.

"डेस, तुम्ही सांगा. तुम्ही तरी खरं बोलाल."

डेसनं टोपी काढली. बेरिलनं डोळे मिटून घेतले.

"मला काही दिसलं नाही," डेस म्हणाला. त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले होते, पण नजर हलली नाही.

फेलिक्स त्या कानांकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळूच नोरीनकडे वळला.

"नोरीनबाई, तुम्ही?"

"सत्तेचाळीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले मी," नोरीन म्हणाली. "क्लॅरीनं श्वास घेतला की खिडक्यांच्या काचा वाजायच्या, पोरा. तुला भास झाला असेल."

फेलिक्सनं वहीकडे पाहिलं, पेन काढलं आणि एक ओळ खोडली.

"झाला असेल," तो म्हणाला. "राहू दे तर मग तसंच."

बेरिलनं चहाची हाळी दिली. खुर्च्या सरकल्या, लोक थाळ्यांकडे वळले. लायल शिडी घेऊन खिडकीवरचं पोतं काढायला निघाला, तसा डेसनं त्याला हात करून अडवलं.

"थांब. पोती राहू देत," तो म्हणाला, आणि फेलिक्सकडे वळला. "तो कोल्ड रूमचा भाग पुन्हा लावा बरं. न बघता साक्ष दिली असं व्हायला नको."

लोक हातातल्या थाळ्यांसकट परत बसले. डेसनं नोरीनची खुर्ची उचलली आणि पडद्याच्या आणखी जवळ नेऊन ठेवली.