लाल फितीचं झुडूप

मित्रांनो, मी एक जुना गप्पीदास पक्षी आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. माझी सगळी भावंडं केव्हाच वारली, त्यामुळे घराण्यात वडीलधारा म्हणावा असा मीच उरलो आहे.

डोकं काळं, मानेवर पांढरा डाग, छाती विटकरी. आमची सौ. मात्र मातकट. घरट्यात बसली की मलाही दिसत नाही, आणि संसार टिकायला हे बरं असतं असं तिचं म्हणणं. आम्ही माळावर राहतो. काटेरी झुडपाच्या बुडाशी, गवतात घरटं, शेंड्यावर मी. शेपटी झटकायची, किडा टिपायचा, परत त्याच शेंड्यावर यायचं. धोका दिसला की दोन गोटे आपटल्यासारखी टकटक करायची. ती ऐकली की पिल्लांनी चोच मिटून घरट्याला चिकटून बसायचं, हा आमचा घरचा नियम. सापाला आणि मुंगसाला तो पुरून उरला होता.

यंदा चार पिल्लं होती. बारा दिवसांची, उडता येत नव्हतं, टुणटुण पळता येत होतं.

एके दिवशी पक्षी मोजणाऱ्या बाई आल्या. घरटं पाहून त्यांनी आमच्या झुडपाला लाल फीत बांधली, छान फुलासारखी गाठ मारून.

"राहा रे सुखानं," त्या म्हणाल्या. "आता कुणाची हिंमत आहे हात लावायची?"

दुसऱ्या सकाळी मुकादम आला. मागे झुडपं कापायचं यंत्र, त्यावर चालक.

"कुठली उडवायची?" चालकानं विचारलं.

"लाल फीतवाली. काल आपल्या माणसांनी बांधल्यात."

"हिची गाठ बघा की! कुणाचा वाढदिवस आहे का?"

"नवीन भरती असेल. पहिल्या आठवड्यात हौस असते कामाची. चल, त्या टोकापासून घे."

यंत्र सुरू झालं. एकेक झुडूप आडवं करत पातं आमच्याकडे येऊ लागलं. मी शेंड्यावर उभा राहून जीव तोडून टकटक केली. आयुष्यात इतकी चांगली टकटक मी कधी केली नव्हती. खाली चारही पिल्लं घरट्याला चिकटून बसली. शहाणी मुलं.

"अहो, तोंड आवरा!" सौ. ओरडली. "तुम्ही थांबल्याशिवाय पोरं हलायची नाहीत!"

मित्रांनो, मरण समोर दिसत असताना न ओरडणं ही आमच्या जातीला न जमणारी गोष्ट आहे. तरी मी चोच मिटली. एक अळी पकडली आणि दहा हात लांब, दगडाआड जाऊन उभा राहिलो. गप्प.

तीन झुडपं उरली. दोन उरली. मग गवत हललं. एक पिल्लू आलं. त्याच्यामागे दुसरं. तिसरं धडपडत, आईच्या शिव्या खात आलं.

चौथं सगळ्यांत आज्ञाधारक होतं.

पातं पुढे निघून गेलं. चालक खाली उतरला नाही. उतरायचं काही कारणच नव्हतं. आवाज कुठे येत होता?

म्हणून मित्रांनो, झुडूप कापण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आत कुणी ओरडत नाही म्हणजे आत कुणी नाही, असं समजू नका. आमच्यात गुणी मुलं गप्प बसतात.