जवळा येईपर्यंतच्या तारखा

चिंचणीच्या किनाऱ्यावर आमच्या बायका जिथं मासळी सुकवतात, ती जागा पडीक आहे आणि शेजारच्या प्लॉटबरोबर आपण ती विकत घेतली आहे, असा दावा जतीनशेठनं डहाणूच्या कोर्टात लावला. जागा कोणी वापरतं का, ते पाहायला कमिशनर पाठवायचं कोर्टानं ठरवलं. जागा गेली असती तर चाळीस घरांच्या बायकांना मासळी पसरायला रस्त्याचं डांबर उरलं असतं, आणि त्यावरून गाड्या जातात.

आमच्यासमोर वकील दोन होते. एक मसोलीचे जिग्नेशभाई. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली, एक टेबल, एक पंखा. आमच्या आळीतल्या भिंतीचा खटला सहा वर्षं त्यांच्याकडे आहे. भिंत पडली, खटला उभा आहे. लोक त्यांना तारीखवाले म्हणतात.

दुसरी मुंबईची वकिलांची कंपनी. तिच्यात दोनशे वकील, आणि आमच्याकडून फीसुद्धा घेणार नव्हती. माझी भाची प्रगती तारापूरला नोकरी करते, तिनं फोन करून त्यांना गाठलं.

जुलैत कंपनीच्या रुपल मॅडम गाडीनं आल्या. देवळात बैठक भरली. गावचे कागद मी सांभाळतो, म्हणून मी पुढं बसलो.

"आम्ही तारखा घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्याच अर्ज करते. पुढच्या मंगळवारी कमिशनर इथं उभा असेल."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बहिणीनं, हंसानं, मात्र हात वर केला.

"मंगळवारी येऊन तो बघणार काय?"

"तुमचं मासळी सुकवणं."

"पावसात?"

मॅडमनी दाराबाहेर पाहिलं. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. जागेवर गुडघाभर गवत होतं आणि त्यात जतीनशेठची म्हैस चरत होती.

"मागचे फोटो असतील ना तुमच्याकडे?"

"फोटो त्याच्याकडं पण आहेत. म्हशीचे."

"मावशी, आमच्या ऑफिसात केस लांबवत नाहीत. नियमच आहे तसा."

"नियम चांगला आहे, पोरी," हंसा म्हणाली. "चहा घे."

दुसऱ्या दिवशी हंसा आणि मी मसोलीला गेलो.

"वकीलसाहेब, तुम्ही तारखा घेता म्हणे."

जिग्नेशभाईंना वाटलं, आम्ही भांडायला आलोय. "हंसाबेन, कोर्टात गर्दीच केवढी असते! माझा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही. किती घेता येतील?"

त्यांनी चष्मा काढला. पंचवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"कुठपर्यंतच्या पाहिजेत?"

"जवळा येईपर्यंत."

"म्हणजे नोव्हेंबर," ते म्हणाले, आणि वकीलपत्र पुढं सरकवलं. हंसानं अंगठा उठवला.

ऑगस्टमध्ये त्यांना ताप आला. सप्टेंबरमध्ये कसलीशी नक्कल मिळाली नाही. ऑक्टोबरमध्ये जतीनशेठच्याच वकिलानं तारीख मागितली. त्या दिवशी जिग्नेशभाई जरा नाराज दिसले. ते पाठदुखी तयार करून आले होते.

नोव्हेंबरात कमिशनर आले तेव्हा सगळी जागा जवळ्यानं गुलाबी झाली होती. नखाएवढी ती बारीक कोलंबी, जमीन म्हणून दिसत नव्हती. साहेबांनी पाऊल टाकलं.

"ओ साहेब, पाय!" हंसा ओरडली. "खायची वस्तू आहे ती!"

साहेब मागं सरले ते बोंबलांच्या दोरीत अडकले. टेप जमिनीवर ठेवायला गेले तर शेजारची जिवली टोपली घेऊन आडवी उभी राहिली. शेवटी त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि जीपमध्ये बसून अहवाल लिहिला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय, जागेची मोजणी करता आली नाही, कारण जागेवर जागा नव्हती.

कोर्टानं हुकूम दिला की, दाव्याचा निकाल लागेपर्यंत बायकांचं वाळवण कोणी थांबवू नये.

"आणि निकाल कधी लागणार?" कोर्टाच्या पायऱ्यांवर हंसानं विचारलं.

जिग्नेशभाईंनी मान खाली घातली. "दहा-बारा वर्षं तरी जातील, हंसाबेन. त्याला माझा इलाज नाही."

हंसानं बाकीच्या बायकांकडे पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली.