शनिवारी फोन कोण उचलतं

लीनाचं काम फक्त विचारण्याचं होतं. घरीच शेवटचे दिवस काढणाऱ्या पेशंटना पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं सुसह्य करणारी देखभाल, वेळेवर मिळते का, ती कशी असते, हे बघून आरोग्य खात्याला कळवायचं. मध्ये पडायचं नाही, असं ट्रेनिंगमध्येच बजावलं होतं.

त्या शनिवारी दुपारी ती शहराच्या पश्चिमेकडच्या पॉइंट कुक या सबर्बमध्ये बर्नाडेट आंटींकडे गेली. आंटी मूळच्या वसईच्या. त्यांचा नवरा कॅसिमिर हॉलमध्ये कॉटवर पडून होता. कॅन्सर हाडांत उतरला होता.

"नर्स चांगल्या आहेत," आंटी म्हणाल्या. "सोमवार ते शुक्रवार."

तेवढ्यात कॅसिमिर कण्हले, आणि मग ते कण्हणं थांबेचना. त्यांनी कॉटचा कठडा घट्ट पकडला.

आंटींनी नर्स पाठवणाऱ्या सर्व्हिसचा चोवीस तास चालू असलेला नंबर लावला. रेकॉर्ड केलेला आवाज, मग म्युझिक. पुन्हा लावला. तेच.

"अँब्युलन्स बोलवू?" लीनाने विचारलं.

"हॉस्पिटल नको," कॅसिमिर कसेबसे म्हणाले. "बर्नी, तू कबूल केलंयस."

आंटींनी डब्यातून दुखण्यावरच्या औषधाची एक भरलेली सिरिंज काढली आणि तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. "नर्सने दाखवलं होतं. पण भरभर, इंग्लिशमध्ये. जास्त गेलं तर? माझ्या हातून गेला तर?"

लीनाकडे त्या सर्व्हिसच्या मॅनेजरचा, कॅसँड्राचा, मोबाइल नंबर होता. तो फक्त अपॉइंटमेंटसाठी दिलेला. तिने तो लावला आणि स्पीकर ऑन केला.

कॅसँड्रा म्हणाली, "लीना, तू असेसर आहेस. हे तुझं काम नाही."

"माहितेय. आधी यांना सांग काय करायचं."

कॅसँड्राने सिरिंजवरचं लेबल वाचायला सांगितलं, पेशंटचं नाव विचारलं. दंडाला चिकटवलेल्या बारीक नळीतून औषध कसं सोडायचं ते ती सांगत गेली आणि लीना मराठीत सांगत गेली.

"हळूहळू, आंटी. हा डोस त्यांच्यासाठीच मोजून भरलाय. एवढ्याने काही होत नाही, असं त्या म्हणतायत."

आंटींनी औषध दिलं. तिघीही, फोनवरची कॅसँड्रासुद्धा, कॅसिमिरांचा श्वास ऐकत राहिल्या. कितीतरी वेळाने कठड्यावरची बोटं सैल झाली.

कॅसँड्राने पाठवलेली नर्स आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पश्चिमेकडच्या सगळ्या सबर्ब्जना वीकेंडला ती एकटीच होती.

सोमवारी लीनाने बॉसला, राजीवला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता त्या घराचं तुझं असेसमेंट धरता येणार नाही. तू मध्ये पडलीस."

"मग साक्षीदार म्हणून माझा जबाब घे."

त्याने तो घेतला, पण पुढे काही हललं नाही. पुढच्या रविवारी कॅसिमिर घरीच वारले. आंटींचा फोन आला तेव्हा लीना ड्राइव्ह करत होती. तिने गाडी बाजूला घेतली.

"त्रास झाला का त्यांना?"

"थोडा. नंबर लावला होता मी. म्युझिकच लागलं. मग मीच दिलं औषध."

आजचंही जबाबात लिहून घ्यायला सांगायला लीनाने तिथूनच राजीवला फोन केला. तो जेवायला बसला होता.

"जेव तू," ती म्हणाली. "मी लाइनवर थांबते."